घड्याळ अंतर चुकवतंय? आधी दोन मिनिटं उभं राहा

रविवारी पळून झालं की चहाच्या टपरीवर माझ्यापुढे कुणाचं ना कुणाचं मनगट येतंच. "मावशी, बघ ना, परत साडेनऊच किलोमीटर दाखवतंय. सगळ्यांचं दहा झालंय." मी काही या धंद्यातली नाही. तरुणपणी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि माझंच पहिलं जीपीएसचं, म्हणजे उपग्रहांवरून अंतर मोजणारं, घड्याळ असं वेड्यासारखं वागायचं, म्हणून त्याच्या मागे लागले. तेव्हापासून आमच्या कोथरूडच्या ग्रुपातली तीसेक घड्याळं हाताखालून गेली असतील. गार्मिन, कोरोस, अमेझफिट, सुंतो, एक म्हातारं पोलर. खरोखर बिघडलेली निघाली तीन. बाकीच्यांची चूक एक तर पळायला निघण्याआधीच्या दोन मिनिटांत होती, नाहीतर मेनूतल्या अशा एखाद्या ओळीत, जी मालकाने कधीतरी बदलली आणि विसरून गेला.

त्याच त्या गोष्टी दर रविवारी सांगून घसा बसतो. म्हणून एकदा लिहून टाकते.

आधी लक्षण ओळखा

"घड्याळ चुकतं" एवढ्यावरून काही कळत नाही. अ‍ॅपमध्ये त्या दिवसाचा नकाशा उघडा, बोटांनी मोठा करा आणि रेघ बघा. आकड्यापेक्षा रेघ जास्त बोलते.

- पहिला तुकडा गायब आहे, किंवा सुरुवातीला चारपाचशे मीटर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ आहे. पहिल्या किलोमीटरचा पेस (किलोमीटरला लागलेला वेळ) एक तर नऊ मिनिटं, नाहीतर तीन.
- रेघ इमारतींच्या आतून जाते. तुम्ही म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्याने पळालात आणि नकाशा म्हणतो मुठेच्या पात्रातून.
- रेघ साधारण बरोबर आहे, पण वळणं छाटलेली. अंतर नेहमी कमीच.
- रेघ रस्त्यावर अगदी चोख बसलेली, तरी अंतर दर वेळी त्याच प्रमाणात कमी किंवा जास्त.
- मध्येच तुटलेली रेघ, आणि एकूण वेळही कमी भरलेला.
- उपग्रह शोधणं पाच-दहा मिनिटं झाली तरी संपत नाही.
- पळताना पेसचा आकडा नाचतो, ५:१० वरून ६:४० वर, परत ५:३० वर. शेवटी अंतर मात्र ठीक.

शेवटचं लक्षण दुरुस्त करायला जाऊ नका. तात्कालिक पेस म्हणजे लागोपाठच्या काही सेकंदांतल्या जागांवरून काढलेला अंदाज. प्रत्येक जागेत दोन-चार मीटरची चूक असली की तो नाचणारच. पडद्यावर त्याऐवजी लॅपचा, म्हणजे चालू किलोमीटरचा सरासरी, पेस लावा आणि मोकळे व्हा.

मुळात चूक आहे का?

फुकटातली पहिली तपासणी हीच. "मॅरेथॉनला ४२.६ आलं, आयोजकांनी जास्त पळवलं" ही तक्रार दर जानेवारीत येते. रस्त्यावरच्या प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला बसवलेल्या, चाकाचे फेरे मोजणाऱ्या जोन्स काउंटरने मोजतात. तोही पळणाऱ्याला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर वाढवून आखतात. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मार्गात साधारण ४२ मीटर मुद्दाम घातलेले असतात. वर आपण पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, नागमोडी वाटेने माणसं ओलांडतो, उजव्या वळणावर डावी कड धरतो. घड्याळाने ४२.५ दाखवलं तर ते खरंच बोलतंय.

मोजलेल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत १०.१ किंवा १०.२ आलं तर काहीही करू नका. ९.६ किंवा १०.६ आलं तर पुढे वाचा. आणि शेजारच्याच्या घड्याळाशी तुलना करणं आधी बंद करा. दोन चुकणारी घड्याळं एकमेकांशी जुळली म्हणून बरोबर ठरत नाहीत.

उभं राहा

पार्किंगमधून बाहेर पडता पडता बटण दाबायचं आणि पळत सुटायचं, हे सगळ्यांत जास्त दिसणारं कारण. पहिलं लक्षण असेल तर नव्वद टक्के हेच, असं मी डोळे झाकून म्हणते, आणि आजवर फारशी फसले नाही.

कारण साधं आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर आहेत आणि तिथून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो. प्रत्येक उपग्रह "मी नेमका कुठे आहे" हा तपशील सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या वेगाने पाठवतो आणि तो दर ३० सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. मधल्या काळात तुम्ही जिन्याखाली गेलात, की सांगणं अर्धवट राहिलं. मग पुढच्या फेरीची वाट. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात: तीन अंक जागेचे आणि चौथा वेळेचा, कारण घड्याळातलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं नेमकं नसतं. वेळेत एक मायक्रोसेकंद चुकला तर अंतरात ३०० मीटर चुकतात.

आता गंमत अशी, की "तयार" हा हिरवा संदेश किमान गरज भागली की लगेच येतो. आणखी उपग्रह पुढच्या मिनिटभरात जोडले जातात. म्हणून मोकळ्या जागी या, घड्याळ आकाशाकडे करून स्थिर उभे राहा, हिरवं झालं की आणखी एक मिनिट थांबा. तेवढ्यात बुटाची नाडी बांधून होते. आमचे हे सोसायटीच्या फाटकाशी हात वर करून इतके निश्चल उभे असतात, की नवीन वॉचमनने पहिल्या दिवशी "साहेब सूर्यनमस्कार घालतात का" म्हणून विचारलं होतं.

तरीही शोधत राहिलं तर घड्याळ पूर्ण बंद करून चालू करा. तीस सेकंदांचं काम आहे, लाजू नका.

फोनशी शेवटचं बोलणं कधी झालं?

पूर्वी पाच सेकंदांत जागा धरणारं घड्याळ अचानक पाच-पाच मिनिटं घ्यायला लागलं, तर पुढची तपासणी ही. उपग्रह येत्या काही दिवसांत कुठे असतील याचं तयार पंचांग घड्याळ फोनच्या अ‍ॅपमधून घेतं. ते हातात असलं की आकाशातून तो तपशील सावकाश उतरवून घ्यायची गरज पडत नाही. पण पंचांग काही दिवसांतच शिळं होतं.

फोनशी ही देवाणघेवाण, म्हणजे सिंक, बंद पडायचं नेहमीचं कारण फोन असतो. बॅटरी वाचवायच्या नावाखाली तो मागचं अ‍ॅप गपचूप मारून टाकतो, किंवा कुणीतरी ब्लूटूथ बंद करून ठेवलेलं असतं. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला निर्बंधांतून सूट द्या आणि आदल्या रात्री एकदा अ‍ॅप उघडून सिंक पूर्ण होऊ द्या.

आमच्या ग्रुपातले एक काका मुलीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहून आले. तिथे त्यांनी घड्याळ कपाटात ठेवलं होतं. इथे आल्यावर तळजाईला पंधरा मिनिटं वाट पाहून वैतागले. घड्याळाच्या डोक्यात अजून तीन महिन्यांपूर्वीचंच आकाश होतं. लांबच्या प्रवासानंतर एकदा सिंक करा आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटं मोकळ्या मैदानात बसू द्या. इंटरनेट अजिबात नसेल तरी चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. उपग्रहांची सगळी यादी आकाशातून उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. "गडावर रेंज नव्हती म्हणून जीपीएस चाललं नाही" हे म्हणूनच खरं नाही. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही.

इथेच खोकाही वाचून घ्या. स्वस्त फिटनेस बँडवर "कनेक्टेड जीपीएस" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ घड्याळात जीपीएस नाही, ते फोनचं उसनं घेतं. फोन घरी राहिला की पावलं मोजून अंदाजाने अंतर सांगतं. मुलाने वाढदिवसाला दिलेल्या घड्याळाबद्दल हे सांगणं जिवावर येतं, पण सांगावं लागतं.

मेनूतल्या विसरलेल्या ओळी

वळणं छाटलेली रेघ दिसली की मी पहिला प्रश्न विचारते, "मागच्या महिन्यात कुठे ट्रेकला गेला होतास?" उत्तर बहुतेक वेळा कात्रज ते सिंहगड किंवा राजगड ते तोरणा असं येतं. रात्रभर बॅटरी पुरावी म्हणून घड्याळ बचत मोडवर टाकलेलं असतं आणि तिथेच राहिलेलं असतं. त्या मोडमध्ये घड्याळ जागा फार विरळ नोंदवतं, काही घड्याळं तर मिनिटाला एकदाच. सहाच्या पेसने पळणारा माणूस मिनिटात सुमारे १६७ मीटर जातो. तेवढ्यात सिंहगडाच्या घाटातलं एक आख्खं वळण येऊन जातं, आणि घड्याळ दोन टोकं सरळ रेघेने जोडून मोकळं होतं. ४०० मीटरच्या गोल ट्रॅकचा तर त्रिकोण होतो. मोड परत नेहमीचा करा. "स्मार्ट" नोंदणी असेल तर "दर सेकंदाला" करा. नोंद मेमरी थोडी जास्त खाते, पण एवढ्या तेवढ्याने ती काही भरत नाही.

रेघच नसेल तर ट्रेडमिलचा प्रकार निवडला गेलाय का बघा. घामट बोटाने पडद्यावर हे सहज होतं.

तुटलेली रेघ आणि कमी भरलेला वेळ असेल तर ऑटो पॉज बंद करा. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला डोक्यावर आधी उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. खालून पळताना आकाश उरतच नाही. घड्याळाला वाटतं तुम्ही थांबलात, ते मोजणं थांबवतं, आणि बाहेर उजेडात आल्यावर शुद्धीवर येतं. सिग्नलला थांबावं लागलं तर बटण हाताने दाबा.

मग उपग्रहांची निवड. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेदू. शक्य तितकी चालू ठेवा. अर्धं आकाश इमारतींनी झाकलेलं असताना उरलेल्या अर्ध्यात जितके उपग्रह जास्त दिसतील तितकं बरं. आपलं, भारताचं नाविक यादीत असेल तर तेही घ्या. त्याचे सुरुवातीचे उपग्रह साध्या घड्याळांत न चालणाऱ्या पट्ट्यांवर (फ्रिक्वेन्सींवर) बोलायचे. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नेहमीची एल१ पट्टीही आली.

रेघ इमारतींतून जाते हे लक्षण असेल तर "ड्युअल बँड" किंवा "मल्टी बँड" नावाचा पर्याय शोधा. त्यात घड्याळ एल१ सोबत एल५ ही दुसरी पट्टीही ऐकतं. बाणेरच्या काचेच्या इमारतींवर आपटून येणारा सिग्नल सरळ येणाऱ्यापेक्षा जरा उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे. एल५ पट्टीवरच्या सिग्नलची ठेवणच अशी आहे, की खरा आवाज आणि प्रतिध्वनी वेगळे काढणं सोपं जातं. बॅटरी जास्त जाते. शहरात पळायला ती किंमत मोजावी, वेताळ टेकडीच्या माथ्यावर गरज नाही. तुमच्या घड्याळात हा पर्यायच नसेल तर तो नंतर बसवता येत नाही. पावसाळ्यात विद्यापीठाच्या आवारातल्या ओल्या वडांखाली रेघ जराशी भरकटणार, हे मान्य करून टाका.

रेघ चोख, अंतर चूक

हे लक्षण मला सगळ्यांत आवडतं, कारण लोक इथेच घड्याळ विकायला काढतात आणि दुरुस्तीला मात्र एक मिनिट लागतं.

विचार करा. रेघ जर रस्त्यावर बरोबर बसली असेल तर जीपीएसने आपलं काम नीट केलंय. तरी प्रत्येक किलोमीटर चार टक्क्यांनी कमी येत असेल, तर अंतर जीपीएसवरून काढलंच जात नाहीये. ते येतंय दुसरीकडून. बुटाला लावलेला फूटपॉड, म्हणजे पावलं मोजणारा छोटा सेन्सर असतो, किंवा हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा असतो जो पावलंही मोजतो. काही घड्याळांत "वेग आणि अंतर: नेहमी सेन्सरवरून" असा पर्याय असतो. ट्रेडमिलसाठी कुणीतरी तो चालू केला, सेन्सरचं कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) जुन्या बुटावरचं, आणि आता रस्त्यावरही तोच आकडा लागू होतोय.

आमच्यातल्या एका मुलीने दोन महिने प्रशिक्षकाच्या शिव्या खाल्ल्या, पेस का पडला म्हणून. बुटात विसरलेला फूटपॉड निघाला. सेन्सरांच्या यादीत जा, अनोळखी किंवा न वापरलेलं काढून टाका, उरलेल्याला "फक्त घरात" करा.

चूक फक्त अ‍ॅपमध्ये असेल आणि घड्याळावर बरोबर, तर तो वेगळा मामला. काही अ‍ॅप घड्याळाचा आकडा तसाच घेतात, काही नकाशावरच्या ठिपक्यांवरून स्वतः मोजतात. पेस मात्र बहुतेकदा वेगळा दिसतो तो थांबलेला वेळ धरला की वगळला यामुळे.

हातात कसं आहे?

मनगटाच्या आतल्या बाजूला पडदा ठेवून पळणारे असतात. बाळाची गाडी ढकलताना किंवा बाटली धरतानाही घड्याळ जमिनीकडे किंवा पोटाकडे वळतं. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी हा सिग्नल गिळतं. याच कारणाने समुद्रात पोहताना प्रत्येक हाताला घड्याळ बुडतं आणि संपर्क तुटतो. मालवणला पोहायला जाणाऱ्यांनी खुल्या पाण्याचा प्रकार निवडावा. त्याहून नेमकं हवं असेल तर घड्याळ टोपीखाली किंवा मागे ओढायच्या फुग्यावर ठेवावं.

आता परीक्षा

इथवर काही सापडलं नाही तर अंदाज पुरे. दोन परीक्षा घ्या, दोन्ही जवळपास फुकट.

गच्चीवरची: टाकी आणि भिंतींपासून लांब, मोकळ्या जागी घड्याळ पालथं न ठेवता ठेवा. पाच मिनिटं जागा धरू द्या, मग धावण्याची नोंद सुरू करून दहा मिनिटं सोडून द्या. नकाशावर छोटा डाग यायला हवा. काही मीटरचा डाग असेल तर अँटेना ठीक आहे. मोकळ्या आकाशाखाली रेघ शेजारच्या गल्लीत फिरून आली, तर यंत्रावर संशय घ्यायला जागा आहे.

मैदानावरची: बालेवाडीसारखा ४०० मीटरचा ट्रॅक. पहिल्या लेनमध्ये दहा फेऱ्या, म्हणजे ४ किलोमीटर. दुसऱ्या लेनमध्ये गेलात तर फेरी सुमारे ४०७ मीटरची होते, तेव्हा लेन सोडू नका. घड्याळात ट्रॅकचा वेगळा प्रकार असेल तर या परीक्षेपुरता तो वापरू नका, कारण तो आकडे ट्रॅकच्या मापाला जुळवून घेतो आणि चूक झाकली जाते. साधारण ४ ते ४.१५ आलं तर मला त्या घड्याळाची काही तक्रार नाही. सतत वळत असल्याने थोडं इकडेतिकडे होणारच. तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. एका दिवसाच्या आकड्यावर निकाल देऊ नका.

दोन्हींत नापास झालं तर सॉफ्टवेअर अद्ययावत करा, पण शर्यतीच्या आदल्या रात्री कधीही नाही. त्यानेही नाही झालं तर फॅक्टरी रीसेट. त्याआधी सगळं सिंक झालंय ना ते दोनदा बघा आणि सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा. रीसेटनंतर मैदानात पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवा, मग परीक्षा पुन्हा घ्या.

इथे थांबा

रीसेटनंतरही गच्चीवर रेघ भटकत असेल, तर घरचे उपाय संपले. घड्याळ उघडू नका. काच आणि पाठ रबरी वळी आणि गोंदाने बंद असते. एकदा उघडलं की पाण्यापासूनचं संरक्षण गेलं, आणि आमच्या एका मित्राने कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून उघडून घेतलेलं घड्याळ पहिल्याच पावसात संपलं. आदळल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल किंवा काचेच्या आत वाफ दिसत असेल, तर परीक्षाही घेत बसू नका, थेट अधिकृत दुरुस्ती केंद्र.

पाठ वर आलेली, काच एका बाजूने उचललेली, चार्जिंगला चटका बसेल इतकी गरम, हे फुगलेल्या बॅटरीचं लक्षण. ताबडतोब हातातून काढा, चार्जिंग बंद, दाबून बसवू नका, उशाशी तर नाहीच.

आणि सह्याद्रीत धुक्यात वाट चुकली असेल तर सगळं ठीक असलेल्या घड्याळावरही जीव टाकू नका. चांगल्या घड्याळाची दहा मीटरची चूक रस्त्यावर कळतही नाही. कड्याच्या धारेवर दहा मीटर म्हणजे काय ते सांगायला नको. थांबा, धुकं विरू द्या, किंवा गावातल्या माणसाला बोलवा.

दुरुस्ती केंद्रात जाताना बिल, तीन दिवसांच्या नकाशांचे फोटो, गच्चीवरच्या डागाचा फोटो आणि काय काय करून झालं याची यादी घेऊन जा. आमच्या तिघांपैकी दोघांना पहिल्यांदा "अपडेट करून बघा" म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्याने यादी काउंटरवर ठेवली. त्याचं घड्याळ त्याच दिवशी आत घेतलं गेलं आणि तीन आठवड्यांनी बदलून आलं.